न आठवणाऱ्या सुखाचा हिशेब

मे महिना संपत आला, वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्या की पुण्या-मुंबईच्या अनेक घरांत भंडारदऱ्याचे बेत शिजू लागतात. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर या दिवसांत काजवे लखलखतात, जलाशयाच्या काठी तंबू लागतात आणि चार-पाच तासांचा रस्ता कापून गाड्या तिकडे वळतात. कित्येक गाड्यांच्या मागच्या सीटवर दोन-अडीच वर्षांचे मूल असते. अशा घरात निघण्याआधी कोणीतरी वडीलधारे एक प्रश्न हमखास विचारते : एवढ्या लांब, तंबूत, डासांत त्याला कशाला नेता? त्याला काय आठवणार आहे? आई-बाप यावर हसतात, किंवा फोटो आहेत की, असे म्हणून वेळ मारून नेतात. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जे सुख पुढे आठवणार नाही त्याला काही मोल आहे का, आणि असेल तर ते कोणाच्या खात्यावर मांडायचे, असा एक जुना तात्त्विक प्रश्न त्यात दडलेला आहे. माझे म्हणणे असे की अशा सुखाचे मोल पूर्ण आहे, स्मरण नाही म्हणून त्यात रतीभरही घट होत नाही. मात्र हे एकदा मान्य केले की त्यातून काही अवघड जबाबदाऱ्या निघतात, आणि त्या टाळता येत नाहीत.

आधी वस्तुस्थिती पाहू. बालपणाच्या पहिल्या काही वर्षांवर विस्मृतीचा पडदा असतो, ही गोष्ट फ्रॉइडने १९०५ साली ठळकपणे मांडली. त्याने दिलेले कारण आज फारसे कोणी मानत नाही, पण निरीक्षण टिकले. बहुतेक प्रौढांची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते. टोरांटोच्या बालरुग्णालयातील संशोधकांनी २०१४ साली त्यामागची एक यंत्रणा दाखवली. स्मृती साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागात लहानपणी नव्या चेतापेशी इतक्या वेगाने तयार होतात की जुन्या जोडण्या विस्कटतात. उंदराच्या पिलांत ही पेशीनिर्मिती मंदावली तेव्हा त्यांचे विसरणे कमी झाले. म्हणजे ज्या वाढीमुळे मूल इतके झपाट्याने शिकते, तीच वाढ त्याच्या आठवणी पुसत जाते. याच सुमारास अमेरिकेत पॅट्रिशिया बाउअर आणि मरीना लार्किना यांचे एक निरीक्षण प्रसिद्ध झाले. तीन वर्षांच्या मुलांशी त्यांच्या आयांनी नुकत्याच घडलेल्या प्रसंगांविषयी गप्पा मारल्या. पुढे त्याच प्रसंगांबद्दल विचारले, तेव्हा पाच ते सात वर्षांच्या मुलांना साठ टक्क्यांहून अधिक प्रसंग आठवत होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या खाली गेले.

या आकड्यांकडे नीट पाहिले तर घरातल्या त्या प्रश्नाचा पाया हलतो. तीन वर्षांचे मूल काहीच लक्षात ठेवत नाही, हे खरे नाही. ते काल पाहिलेला काजवा आज सांगते, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तिकडे जायचा हट्ट धरते, पाचव्या वर्षी तंबूत शिरलेल्या बेडकाची गोष्ट रंगवून सांगू शकते. त्या प्रवासाची आठवण त्याच्याजवळ काही वर्षे असू शकते, आणि ती वर्षे त्याच्या आजवरच्या आयुष्याच्या मानाने थोडीथोडकी नाहीत. पुढे ती हरवते, पण ती हरवते प्रौढासाठी. त्याला आठवणार नाही, याचा नेमका अर्थ एवढाच की वीस-तीस वर्षांनी त्या नावाचा जो मोठा माणूस असेल त्याला आठवणार नाही. आपण नकळत त्या भावी माणसाला न्यायाधीश करून बसवतो आणि आज समोर बसलेल्या मुलाचे दिवस त्याच्या दरबारात उभे करतो. त्याला काही उपयोग झाला तर दिवस सार्थकी, नाहीतर वाया. हा अधिकार त्याला कोणी दिला? बालपण ही प्रौढपणाची नुसती पूर्वतयारी आहे, असे गृहीत धरल्याशिवाय तो देता येत नाही. आणि तसे धरले तर प्रौढपण तरी कशाची पूर्वतयारी मानायचे? म्हातारपणाची? तिथे तर विस्मृती पुन्हा दारात उभी असते.

यावर तत्त्वज्ञानातला एक वजनदार आक्षेप येतो. जॉन लॉकने आपल्या प्रसिद्ध निबंधाच्या १६९४ च्या आवृत्तीत मांडले की व्यक्तीची ओळख तिच्या जाणिवेच्या सलगतेवर उभी असते. जिथवर मागचे स्वतःचे म्हणून जाणिवेत येते, तिथवर ती व्यक्ती तीच. हे मान्य केले तर दोन वर्षांचे मूल आणि तिशीतला माणूस या जणू दोन व्यक्ती ठरतात, आणि एकीसाठी केलेला खर्च दुसरीच्या पदरात पडत नाही. टॉमस रीडने १७८५ साली याला दिलेले उत्तर अजून ताजे आहे. म्हाताऱ्या सेनापतीला आपण तरुणपणी शत्रूचे निशाण जिंकल्याचे आठवते. तेव्हाच्या त्या तरुण अधिकाऱ्याला लहानपणी खाल्लेला मार आठवत होता. पण सेनापतीला तो मार आता आठवत नाही. लॉकच्या हिशेबाने सेनापती तोच अधिकारी, अधिकारी तोच मुलगा, आणि तरी सेनापती तो मुलगा नव्हे. ज्या सिद्धांतातून असे निघते त्यातच काही चुकते आहे. आपल्याकडे नैयायिकांनी ओळखीच्या आणि स्मरणाच्या आधारे स्थिर आत्मा सिद्ध करू पाहिला, तर बौद्धांनी असा आत्मा नाकारून स्मरणाचा उलगडा क्षणांच्या प्रवाहातून केला. या वादात कोणतीही बाजू घेतली तरी आपल्या प्रश्नापुरता निकाल एकच लागतो. आत्मा स्थिर असेल, तर ज्याला सुख झाले तो हाच, मग त्याला आठवो न आठवो. आत्मा नसून प्रवाहच असेल, तर प्रत्येक क्षणाचे सुखदुःख त्या त्या क्षणीच खरे, आणि पुढच्या क्षणाने त्यावर शिक्का मारण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

तरीही हे सारे कोणाला शब्दांचे खेळ वाटत असतील, तर सुख बाजूला ठेवून दुःखाकडे वळू. तिथे हा प्रश्न कागदावर राहिलेला नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत अनेक नवजात बाळांवर, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर, पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत असत. स्नायू शिथिल करणारे औषध दिले म्हणजे बाळ हलत नसे. भुलीचा धोका हे एक कारण होते. त्याच्या जोडीला, बाळाला वेदना नीट कळत नाहीत आणि कळल्या तरी आठवणार नाहीत, ही समजूतही होती. के. जे. एस. आनंद या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी ऑक्सफर्डमध्ये सहकाऱ्यांबरोबर केलेले काम १९८७ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेच्या वेळी वेदनाशामक मिळालेल्या बाळांच्या शरीरातला ताण कमी होता आणि नंतरच्या गुंतागुंतीही कमी होत्या, असे त्यातून दिसले. त्यानंतर ही प्रथा झपाट्याने मागे पडली. आज ते वाचताना अंगावर काटा येतो. त्या बाळांपैकी कोणाला मोठेपणी ती शस्त्रक्रिया आठवली असेल, म्हणून तो येत नाही. टेबलावर असताना त्यांना दुखत होते, एवढेच पुरे आहे. आठवणार नाही या सबबीवर वेदना क्षम्य ठरत नसेल, तर त्याच सबबीवर आनंद फुकट कसा ठरेल? तराजू एकच हवा. दुःखाच्या वेळी वर्तमान मोजायचे आणि सुखाच्या वेळी भविष्य, ही लबाडी झाली.

इथे अनेक सुशिक्षित पालक एक सोयीचे उत्तर पुढे करतात : प्रसंग आठवला नाही तरी त्याचा ठसा राहतो, मेंदूचा विकास होतो, मूल धीट होते. हे म्हणणे निराधार नाही. क्लापारेद या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९११ साली एका स्मृतिभ्रंश झालेल्या बाईची हकीकत नोंदवली आहे. हस्तांदोलन करताना त्याने टाचणी टोचली. पुढे बाईला तो प्रसंग आठवेना, पण ती हात मात्र पुढे करीना. आयोवा विद्यापीठात २०१० साली हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. काय पाहिले ते रुग्ण विसरले, पण मनावरची उदासी किंवा प्रसन्नता रेंगाळत राहिली. न्यायदर्शनानेही अनुभवाने मागे ठेवलेला ठसा आणि त्यातून कधी होणारे, कधी न होणारे स्मरण यांत फरक केला आहे. नवजात बाळाचे हसणे, दचकणे, स्तनाकडे वळणे यांचा उलगडा न्यायसूत्रकार गौतमाने न आठवणाऱ्या पूर्वानुभवाच्या आधारेच करून पाहिला. त्यावरून त्याने काढलेला पूर्वजन्माचा निष्कर्ष न मानणाऱ्यालाही स्मरणाशिवाय परिणाम असतो ही गोष्ट मानावी लागते. असे असूनही मला या उत्तरावर भिस्त ठेवावीशी वाटत नाही. कारण त्यातही हिशेब तोच आहे, फक्त आठवणीच्या जागी विकास आला आहे. उद्या कोणी सिद्ध केले की तंबूतल्या दोन रात्रींनी मुलाच्या बुद्धीत वा स्वभावात काडीचाही फरक पडत नाही, तर त्या रात्री वाया गेल्या का? ठसा उमटला तर चांगलेच आहे. पण स्मरण काय किंवा ठसा काय, ती अनुभवाची पावती आहे. पावती हरवली म्हणून खाल्लेले जेवण पोटातून नाहीसे होत नाही.

धर्मपरंपरांनी लहान मुलांना ज्या रीतीने आपल्यात सामील करून घेतले, तिथे या बाबतीत शिकण्यासारखे काही आहे. गृह्यसूत्रांनी आणि मनुस्मृतीने चौथ्या महिन्यात निष्क्रमण सांगितले आहे. बाळाला पहिल्यांदा घराबाहेर आणायचे आणि, पारस्कराच्या सांगण्याप्रमाणे, सूर्याचे दर्शन घडवायचे. मुलाचा पहिला प्रवास, तोही उंबऱ्यापासून अंगणापर्यंतचा, आपल्या पूर्वजांनी संस्कारांच्या पंक्तीला बसवला आणि सूर्य त्याच्या लक्षात राहील का, हे विचारले नाही. ज्यूंच्या सुक्कोत सणात आठवडाभर पानाफांद्यांच्या छपराखाली, उघड्यावरच्या खोपीत राहायचे असते. पूर्वज वाळवंटातून भटकत होते, त्या प्रवासाची ती उजळणी. मिश्ना या ज्यूंच्या धर्मनियमांच्या ग्रंथाच्या परंपरेत शम्माय या जुन्या आचार्याची हकीकत येते. सणातच त्याची सून बाळंत झाली, तर त्याने तिच्या खाटेवरच्या छताचा गिलावा फोडून त्यावर फांद्यांचे छप्पर घातले. का, तर त्या तान्ह्या मुलासाठी. इतर आचार्य इतक्या टोकाला जात नव्हते, पण शम्मायच्या दृष्टीने ते बाळ त्या दिवशीच, त्या घडीलाच, प्रवासी समाजाचा घटक होते. आषाढीच्या वाटेवर आई-बापांच्या खांद्यावर बसून पंढरपूरला निघालेली, रात्री दिंडीच्या राहुटीत झोपणारी पोरे पाहिली तर तिथेही हीच दृष्टी दिसते. ते पोर वारीला आलेले असते. पुढे मोठेपणी वारी करावी म्हणून तालमीला आणलेले नसते.

कोणी म्हणेल, हे उदाहरण तुमच्या बाजूचे नाहीच. धर्माला तर फळ हवेच असते. संस्काराने पाप झडते, आयुष्य वाढते, पुण्य साठते, अशा विश्वासावरच हे विधी उभे आहेत. म्हणजे मोठेपणीच्या आठवणीऐवजी तिथे अदृष्टाची वही आहे, एवढेच. हा आक्षेप बराचसा खरा आहे. मीमांसकांनी तर कर्म आणि त्याचे दूरचे फळ यांना जोडणारा अपूर्व नावाचा दुवाच कल्पिला. पण फळाची ही भाषा बाजूला केली तरी कृतीत एक गोष्ट उरते, आणि मला महत्त्वाची वाटते ती तीच : मुलाला मोजले जाते. जे काही कुटुंबाच्या दृष्टीने मोलाचे आहे, त्यात त्याची जागा समज येईपर्यंत राखून ठेवली जात नाही, आजच दिली जाते. श्रद्धा नसलेल्या घरालाही ही गोष्ट उचलता येते. रात्रीचा काळोख, पाण्याचा वास, झाडावर एका तालात उघडमीट करणारे हजारो दिवे यांत मोठ्यांना काही मोलाचे वाटत असेल, तर लहानग्याला त्यात घेण्यासाठी वेगळ्या समर्थनाची गरज नाही. त्याला का वगळावे, याचेच समर्थन लागेल.

आता मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानमन यांचा पेच. अनुभवणारा मी आणि आठवणारा मी असा भेद करून त्यांनी विचारले की सहलीनंतर सगळे फोटो नष्ट होणार असतील आणि एक औषध घेऊन सगळी आठवण पुसली जाणार असेल, तर तुम्ही तीच सहल निवडाल का? पुष्कळ जणांचा उत्साह इथे मावळतो. यावरून आठवणीविना सहल निरर्थक, असे सिद्ध होते का? मला वाटते यातून फक्त एवढेच दिसते की निवड करताना आपल्यातला आठवणारा मी पुढे सरसावतो आणि मतदान त्याच्या एकट्याच्या हाती असते. त्याने स्वतःलाच मत दिले, यात नवल नाही. दुसऱ्या बाजूने असेही विचारता येईल की केवळ चालू क्षणाचे सुखच मोजायचे, तर दोनशे किलोमीटर कशाला जायचे? हातात मोबाइल द्यावा, काजव्यांची चित्रफीत लावावी, पोर खूश. तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिकने १९७४ साली कल्पिलेले अनुभवयंत्र याचे उत्तर देते. हवे ते सुख मेंदूत निर्माण करणाऱ्या यंत्राला आपण जन्मभर जोडून घेणार नाही, कारण आपल्याला सुखाच्या जाणिवेखेरीज प्रत्यक्ष जगाशी गाठ हवी असते. माझ्या मांडणीला याने बाधा येत नाही, उलट धार येते. मुलाच्या वर्तमानाला मोल आहे म्हणजे त्याच्या करमणुकीला मोल आहे, असे नव्हे. खऱ्या काळोखात खऱ्या किड्याशी, आणि एरवी कामाच्या फोनमध्ये गुंतलेल्या खऱ्या आई-बापांशी त्याची गाठ पडते. ही गाठ पुढे आठवली नाही तरी पडलेली असतेच.

याला जोडून येणारी शंका मात्र मी पूर्ण मान्य करतो. असेच असेल तर कोपऱ्यावरची बाग, गच्चीत टाकलेली चादर, मामाच्या अंगणातली रात्र यांतही तेवढेच मोल आहे. होय, आहे. दोन वर्षांच्या मुलाला भंडारदऱ्याला नेलेच पाहिजे, असे या युक्तिवादातून निघत नाही, आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्या मुलांचे काही बुडाले, असेही नाही. निघते ते इतकेच की न्यायचे असेल तर आठवणार नाही हा अडसर नाही, आणि नेल्यानंतर सहल कशी करायची, हे मुलाच्या त्या त्या घडीच्या सुखदुःखाने ठरले पाहिजे. इथे सुरुवातीला म्हटलेली अवघड जबाबदारी समोर येते. न आठवणारे सुख मोजायचे, तर न आठवणारा त्रासही मोजावा लागेल. घाटातली मळमळ, दुपारच्या उन्हात तापलेला तंबू, झोपेची वेळ टळल्यामुळे झालेला आकांत, डासांनी फोडलेले गाल, शेजारच्या तंबूतला रात्री बारापर्यंतचा स्पीकर, हे सगळे त्याच वहीत लिहिले जाते. चार दिवसांत चार ठिकाणे उरकणारी सहल मोठ्यांच्या आठवणीसाठी आखलेली असते. एकाच जागी दोन रात्री, दर तास-दीड तासाला थांबा आणि एखाद्या दगडाशी अर्धा तास रमायची मोकळीक, ही मुलासाठी आखलेली सहल. चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा बालआसनात बांधले नाही तर मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार १,००० रुपये दंड आहे. पण पोर रडते म्हणून त्याला पुढच्या सीटवर मांडीत घेणे आपल्याकडे अजून सर्रास चालते. त्याचा वर्तमान जपायचा म्हणजे त्याचे प्रत्येक रडे तत्काळ थांबवायचे, असा अर्थ नाही, कारण जीव जपणे हे त्या वर्तमानाचेच पहिले कलम आहे. फोटोंचेही तेच. मोबाइलच्या झोताने नर-मादीच्या प्रकाशखुणा हरवतात म्हणून काजव्यांपाशी दिवे बंद ठेवायचे असतात. फोटोसाठी मुलाला दहादा हसायला लावणे बंद ठेवण्यासाठी कोणी वनरक्षक नसतो, ते आई-बापांनाच ठरवावे लागते.

या युक्तिवादाला आणखी एक टोक आहे, आणि ते सहलीच्या पलीकडे जाते. दसरा-दिवाळीनंतर बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोड कामगारांच्या गाड्या साखरपट्ट्याकडे निघतात. त्यांतही मागे, बोचक्यांवर, दोन-अडीच वर्षांची पोरे असतात. तीही रस्त्याने लांब जातात, उघड्यावर कोपीत, म्हणजे खोपटात राहतात, पहाटेच्या थंडीत फडाच्या कडेला निजतात. रस्ता, तंबू आणि उघडे आभाळ यांत आपोआप पावन करणारे काही नाही, हे या पोरांकडे पाहिले की कळते. स्वेच्छेने दोन रात्री तंबूत काढणे आणि पोटासाठी सहा महिने कोपीत काढणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण दोन्ही मुलांना हे पुढे आठवणार नाही, हे मात्र सारखेच आहे. लहान आहे, त्याला काय कळतंय, असे म्हणून त्या थंडीकडे पाहणे सोपे जाते. शाळेच्या वयाच्या मुलांसाठी साखरशाळांची चर्चा तरी झाली, कारण शिक्षणाचे नुकसान पुढे दिसते. त्याहून लहानांच्या थंडीवाऱ्याचे काय, हा प्रश्न त्यामानाने मागेच राहतो, कारण पुढे दाखवायला त्याची आठवण नसते. स्वतःच्या मुलाच्या न आठवणाऱ्या आनंदासाठी जो पेट्रोल जाळतो, तंबू विकत घेतो, रजा टाकतो, त्याने आठवण नसली तरी मोल असते हे तत्त्व कृतीने मान्य केलेले असते. तत्त्व मान्य केल्यावर ते आपल्या गाडीपुरते राखून ठेवता येत नाही. फडाच्या कडेला कुडकुडणाऱ्या पोराची रात्रही मग तितकीच खरी मानावी लागते, आणि कोणी विचारेल त्या दिवसाची वाट न पाहता तिचे उत्तर द्यावे लागते.